छपरावरचा बर्फ आणि अडलेलं दार

ओनोझुकांच्या घरी छपरावर किती बर्फ साचलाय हे बघायला कुणी अंगणात जात नसे. ते संडासाचं दार सांगायचं. छपरावर हातभर बर्फ असला की ते सरकतं दार नुसतं कुरकुरायचं. कमरेइतका झाला की त्याला खांदा लावावा लागायचा. आणि छातीइतका झाला की वरची चौकट इतकी दबायची, की दार अर्ध्यावर येऊन थांबायचं आणि आतल्या माणसाला अंग चोरून आडवं बाहेर पडावं लागायचं. तोकुजी ओनोझुकांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलेलं. वडील तसे आडवे बाहेर यायचे, "आज छप्पर," एवढे दोनच शब्द बोलायचे आणि शिडी लावायचे. हवामानखात्याने इतकं नेमकं कधी सांगितलं नाही.

त्या जानेवारीत आमच्या मात्सुनोसावा गावात तीन दिवस सलग बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी सकाळी तोकुजी दारात पोटावर अडकले.

"फुमिए! अगं, दार अडलंय!"

"दार अर्धं उघडलंय, मला दिसतंय इथून," फुमिए स्वयंपाकघरातून म्हणाली. "अडलंय ते पोट. श्वास सोडा आणि या बाहेर, सूप निवतंय."

तोकुजी बाहेर आले आणि वडिलांसारखं दोन शब्दांत म्हणाले, "आज छप्पर."

"तुम्ही नाही," फुमिएही दोनच शब्दांत म्हणाली.

आता, निगाताच्या त्या डोंगरांत छपरावर चढणं ही काही पराक्रमाची गोष्ट नाही. इतर गावांत लोक पेपर आणायला जातात तसे इथले लोक फावडं घेऊन छपरावर जातात. पण तोकुजींना बंदी होती. आदल्या वर्षी फेब्रुवारीत ते छपरावरून घसरले आणि खालच्या ढिगात काखेपर्यंत रुतले. लागलं काहीच नाही. मात्र त्यांना बाहेर ओढून काढलं ते उजवीकडच्या नागुमो आजोबांनी, आणि नागुमो आजोबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. त्यानंतर आजोबांनी ती गोष्ट चेरी फुलली तेव्हाच्या सहलीत सांगितली, भातलावणीत सांगितली, आणि तोफूवाल्याच्या आईच्या तेराव्यासारखा जो विधी असतो त्यातही सांगितली. दर वेळी तोकुजी थोडे जास्त रुतायचे. शरदात ते गळ्यापर्यंत गेले होते आणि "आई गं" म्हणून ओरडत होते. तोकुजी "आई गं" म्हणाले नव्हते. पण सांगणार कुणाला?

फेब्रुवारीत छपराने खाली उतरवलं आणि मार्चमध्ये नगरपालिकेने. अडतीस वर्षं नोंदणी खात्यात काढून तोकुजी निवृत्त झाले. त्यांच्या हातून एकही कागद चुकीचा गेला नव्हता. अडतीस वर्षांत एकदाही त्यांच्यावर मिठाईचा डबा घेऊन कुणाच्या दारात माफी मागायला जायची पाळी आली नव्हती, आणि आपल्या गावात हे म्हणता येणारा माणूस विरळाच. असा माणूस वर्षभरात दोन्हीकडून खाली आला. आता त्याला एवढंच हवं होतं, की आपल्या घरावरचा बर्फ आपण उतरवला असं आळीने एकदा बघावं. फार मागणं नव्हतं ते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून नागुमो आजोबांनी हाक मारली. ते पहाटेपासून दोन छपरं उरकून आले होते.

"तोकू! दार अडलं ना? मला इथपर्यंत ऐकू आलं. तू राहू दे, मी चढतो. तू खाली शिडी धर नुसती."

"नको, आजोबा. मी बघतो."

"बघतोस काय? बघून बर्फ उतरतो होय रे? मागच्या वर्षी बघायला गेलास तर..."

"मी बघतो म्हटलं ना!" तोकुजींनी खिडकी लावून घेतली. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. तीही अडली.

टीव्हीवर तोक्यो दाखवत होते. तिथे तीन बोटं बर्फ पडला होता. गाड्या बंद, शाळा बंद, आणि एक बातमीदार हेल्मेट घालून जमिनीवर फूटपट्टी रोवून उभा. तोकुजी जाम वैतागले. "ह्यांना तीन बोटं पडला की देशावर संकट, आणि आमच्या डोक्यावर माणूस पुरेल एवढा पडला तरी बातम्यांत शेवटी, हवामानाच्या आधी!" मग होक्काइदोहून साडूंचा फोन आला. होक्काइदोतला बर्फ कोरडा, पिठासारखा. साडू म्हणाले, "झाडूने झाडून टाका की! आमच्याकडे बायका झाडतात." आमच्याकडचा बर्फ ओल्या कणकेसारखा असतो आणि त्याला झाडू लावला तर झाडूच तिथे राहतो, हे साडूंना गेली तीस वर्षं सांगून झालं होतं. तोकुजींनी पुन्हा सांगितलं. साडू म्हणाले, "पण चांगला झाडू घेतला तर?"

फोन ठेवता ठेवता तोकुजींना युक्ती सुचली. मोठ्या रस्त्यावर मध्यभागी नळ्या पुरल्या आहेत, त्यांतून जमिनीखालचं कोमट पाणी दिवसभर उडत असतं आणि बर्फ टिकत नाही. रस्त्याला जे जमतं ते छपराला का जमू नये? मागच्या अंगणात वडिलांची विहीर होती, शेडमध्ये वडिलांचा पंप होता, बागेची भोकं पाडलेली रबरी नळी होती. नळी आढ्यावर टाकायची, पंप लावायचा, आणि आपण खाली कोतात्सुत, म्हणजे शेगडीवरच्या रजई घातलेल्या मेजाखाली, पाय घालून चहा प्यायचा. चढायला नको, घसरायला नको, नागुमो तर मुळीच नकोत. नळीला दगड बांधून त्यांनी ती खालूनच आढ्यापलीकडे फेकली. अकराव्या वेळेला जमलं. आधीच्या दहा वेळांबद्दल बोलायला नको.

पण तोकुजी हे कायद्याने चालणारे गृहस्थ. विहिरीचं पाणी घराबाहेर वापरायचं तर परवानगी लागते. ते नीट कोट घालून नगरपालिकेत गेले. खिडकीत सेकी होता. सेकीला त्यांनीच हाताखाली घेऊन शिकवलं होतं.

"या साहेब! नमुना चौदा ना?" सेकीने आदराने दोन्ही हातांनी कागद दिला. "दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे शिक्के लागतील."

"अरे, नुसतं माझ्या छपरावर माझ्या विहिरीचं पाणी. शेजाऱ्यांचा काय संबंध?"

"कलम सहा, साहेब." सेकी अवघडला. "तुम्हीच घातलंत. 'पाणी हद्द ओळखत नाही' असं टिपणात लिहिलं होतंत. आम्ही नव्या मुलांना ते वाक्य शिकवतो."

तोकुजींना ते वाक्य आठवलं. चांगलं वाक्य होतं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"आणि शिक्का सरळ हवा," सेकी खाली मान घालून म्हणाला. "खाडाखोड चालणार नाही. अंतिम परवानगीच्या आधी एक दिवस चाचणी घ्यायची आणि त्या वेळी पाहणी करून छपराचा फोटो अर्जाला जोडायचा. तेही..."

"माझंच. माहीत आहे मला!"

आमच्याकडे अर्जावर सही नसते, नावाचा शिक्का असतो; नागुमो आजोबांचा तो मिळवायला दोन तास लागले. पहिला तास आजोबांनी चहा आणि मुरवलेला पाला पुढे करण्यात घालवला आणि दुसरा उपदेशात.

"तोकू, नीट ऐक. पाण्याने बर्फ वितळतो, खरंय. पण आधी तो पाणी पितो. तुझ्या बापाचा तो पंप खोकतो नुसता. एवढ्याशा पाण्याने बर्फ वितळणार नाही, भिजेल. आणि भिजलेला बर्फ म्हणजे तुला सांगतो..."

"आजोबा, शिक्का."

"देतो रे. मी कुठे नाही म्हणतोय? मरायचं तर कायद्याने मर." आणि त्यांनी शिक्का मारला तो उलटा. तोकुजींना दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन परत जावं लागलं. पुन्हा चहा, पुन्हा पाला, आणि पुन्हा पहिल्यापासून उपदेश, कारण मधलं काही राहिलं असेल तर.

डावीकडचं घर रिकामं. होशी कुटुंब सैतामाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. रिकाम्या घराचा शिक्का कुणी मारायचा? कलम सात: आळीच्या अध्यक्षांनी. तेही कलम तोकुजींचंच, हे आता सांगायला नको.

आळीच्या अध्यक्षा म्हणजे कुवाबारा बाई. वय त्र्याहत्तर, अंगाने काडीसारख्या, आणि आवाज असा, की दारात उभ्या राहून बोलल्या तर मागच्या परसात ऐकू जाई. निम्म्या आळीला त्यांनी गणित शिकवलं होतं. तोकुजींनाही. एकसष्टाव्या वर्षीही त्यांच्यासमोर उभं राहिलं की तोकुजींचे हात आपोआप मागे जायचे.

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "शिक्का देते. पण ओनोझुका, शनिवारी नालीची पाळी तू घ्यायचीस. तोफूवाल्याची कंबर धरलीय."

आमच्या आळीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीखालून नाली जाते. आळीच्या वरच्या टोकाला दरवाजा आहे. तो उघडला की नदीचं पाणी नालीत येतं आणि मग प्रत्येकाने आपापल्या घरापुढचा बर्फ जाळी उचलून त्यात लोटायचा. पण पाणी सगळ्या गावाला पुरवायचं असल्यामुळे आळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. आमची नऊ ते पावणेदहा. पावणेदहाला ते खालच्या आळीचं. मग तुम्ही बर्फाकडे बघत बसा नाहीतर त्याची पूजा करा. दरवाजा उघडायची किल्ली एकच, हातभर लांब, लोखंडी. ती एकदा कुणीतरी "जरा वेळ" म्हणून फळीवर ठेवली होती आणि दोन दिवस सापडली नव्हती. तेव्हापासून बाई ती लाल दोरीने गळ्यात अडकवतात आणि पाळीच्या दिवशी बरोबर नऊला, वहीत सही घेऊन, दुसऱ्याच्या हातात देतात. एक मिनिट आधी नाही.

शनिवारी सकाळी सहाला तोकुजींनी पंप लावला. पंप खोकला, थुंकला आणि चालू झाला. आढ्यावरच्या नळीतून पाणी झिरपायला लागलं. बर्फात लहान लहान खळगे पडू लागले. तोकुजी अंगणात छत्री घेऊन उभे राहिले, आणि गेल्या वर्षभरात नव्हतं इतकं त्यांना बरं वाटलं.

"अहो, दार अजून घट्ट झालंय," आतून फुमिए म्हणाली.

"होतं तसं सुरुवातीला."

"कुणी सांगितलं?"

तोकुजी पंप बघायला म्हणून विहिरीकडे गेले.

साडेआठला सेकी पाहणीसाठी कॅमेरा घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ बाई आल्या, गळ्यात किल्ली, काखेत वही. नऊला वेळ होता म्हणून फुमिएने दोघांना चहा दिला. मग दुसरा दिला. थंडीत बाहेरून आलेल्या माणसाला तिसरा दिल्याशिवाय राहवत नाही. पावणेनऊला बाई उठल्या आणि आतल्या बोळाकडे, संडासाच्या बाजूला वळल्या.

"बाई, ते दार जरा..." फुमिए म्हणाली.

"दार मला माहीत आहे. तुझ्या सासऱ्यांच्या वेळीही असंच होतं." बाई अर्ध्या उघड्या दारातून सहज आडव्या आत गेल्या. पण दार अर्धवट लावणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. आतून त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढलं आणि पूर्ण लावलं.

त्याच वेळी बाहेर सेकी छपराकडे बघून म्हणाला, "साहेब, पाणी जरा कमी वाटतंय का?" झालं. तोकुजींनी पंपाचा नळ होता नव्हता तेवढा सोडला. दोन-तीन मिनिटं गेली आणि घराच्या आतून "कर्रर्र" असा आवाज आला.

मग बाईंचा आवाज आला. "ओनोझुका!"

तोकुजींचे हात मागे गेले. "बाई?"

"दार."

तोकुजींनी ओढलं, सेकीने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. दार भिंतीत चिणल्यासारखं. खिडकीतून काढावं, तर हिवाळ्यासाठी बाहेरून फळ्या ठोकलेल्या आणि त्यावर वळचणीपर्यंत बर्फ. आवाज ऐकून नागुमो आजोबा कुंपणावरून, म्हणजे कुंपण जिथे असायचं त्या बर्फावरून चालत आले. त्यांनी चौकटीवर हात फिरवला आणि बोटाने टकटक केलं.

"करवत नका लावू. सगळा भार आता या दारावर आलाय. दार कापलंत तर वरची तुळई बाईंच्या डोक्यात." मग त्यांनी तोकुजींकडे बघितलं. "प्यायला ना बर्फ पाणी?"

तोकुजींना वाटलं, आपणही त्या दाराआड असतो तर बरं झालं असतं.

"नऊला पाच कमी आहेत," आतून बाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे आहे. आळीला सांगा."

आळीला सांगायची गरज नव्हती. आळी दारातच होती. चौदा घरांतली माणसं आपापल्या जाळ्या उचलून, फावडी आणि दांड्याची मोठी सुपं घेऊन पाण्याची वाट बघत उभी होती. संध्याकाळी पुन्हा वादळाचा इशारा होता. आज रस्ता मोकळा झाला नाही तर उद्या कुणाची गाडी निघणार नव्हती. तोफूवाला कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसून आला होता. त्याला दोघांनी उचलून आणलं होतं, कारण तो म्हणाला की हे मला बघायचंच आहे.

"काय झालं?"

"बाई अडकल्यात."

"कुठे?"

"ओनोझुकांच्या संडासात."

"किल्लीसकट?"

"किल्लीसकट!"

तोकुजींना हे सगळं ऐकू येत होतं. त्यांचे कान इतके तापले, की त्यांवर बर्फ वितळला असता. पंपाला जे जमलं नाही ते.

"बोलत काय उभे राहिलात?" नागुमो आजोबा ओरडले. "छप्पर हलकं झालं की दार सुटेल. शिड्या आणा! पुढच्या पाख्यावर सगळे. मागचं माझं. तिथे मध्ये कुणी आलेलं मला चालत नाही."

आणि मग ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला होता, नेमकी तीच झाली. अख्खी आळी तोकुजींच्या छपरावर चढली. तोकुजी खाली शिडी धरून उभे होते. तेवढ्यात फुमिए दोर घेऊन आली.

"चढा," ती म्हणाली.

"मी? तूच तर..."

"बाई आत आहेत. आणि तुम्ही खाली नुसते उभे राहिलात, तर ते वर्षभर मला ऐकावं लागेल. चढा म्हणते ना!" तिने त्यांच्या कमरेला दोर आवळला, तीन गाठी मारल्या, दुसरं टोक वर फेकलं. "नागुमो आजोबा, हे तुमच्या कमरेला बांधा! हे इकडे घसरले तर तुम्ही तिकडे धरा. तुम्ही घसरलात तर हे धरतील."

"मी?" आजोबा मोठ्याने हसले. "मी घसरेन होय गं?" पण फुमिएच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी बांधला.

भिजलेला बर्फ काय असतो हे त्या दिवशी आळीला कळलं. फावडं आत जायचं आणि यायचं नाही. माणसं खाली बघून, कण्हत, तोफूसारखे चौकोन कापत होती आणि ओनोझुकांच्या नावाने पुटपुटत होती. तोकुजी एका टोकाला गुपचूप, कुणाच्या डोळ्यांत न येता, दुप्पट वेगाने कापत होते. आतून दर पाच मिनिटांनी बाईंचा आवाज यायचा. "नऊ दहा!" "नऊ पंधरा!" 

नऊ वीसला तोकुजींच्या कमरेला हिसका बसला.

तो इतका जोरात, की ते पाख्यावरून वरच्या दिशेने ओढले गेले. फावडं सुटलं. आढ्याशी आल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना पाय टाकले, बूड टेकलं आणि टाचा रोवल्या. पलीकडे वाकून बघितलं तर नागुमो आजोबा वळचणीपाशी आडवे. कमरेपासून खालचं अंग छपराबाहेर, आणि खाली या वेळी मऊ ढीग नव्हता. खाली विहिरीचा दगडी कठडा होता.

आजोबा ओरडले नाहीत. नुसतं वर बघितलं. एवढ्या वर्षांत तोकुजींनी त्यांचा तसा चेहरा बघितला नव्हता.

तोकुजींना ओरडायला श्वास नव्हता. दोर कमरेत रुतत होता. ते बसले. टाचा रोवून, दात आवळून, आढ्यावर बसून राहिले. आपण सुटलो तर म्हातारा गेला, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. पुढच्या पाख्यावरून कुणीतरी वर बघितलं.

"व्वा, ओनोझुकासान! बसलात होय? चहा पाठवू का?"

सगळे हसले. खाली रस्त्यावर सेकीने कर्तव्य म्हणून कॅमेरा उचलला आणि फोटो काढला.

आजोबा हळूहळू, वीत वीत दोर ओढत वर आले. आढ्याशी येऊन त्यांनी तोकुजींच्या गुडघ्याला धरलं. बराच वेळ धाप थांबेना.

"तोकू," ते कुजबुजले, "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"फुमिएलाही नाही."

"नाही, आजोबा."

नऊ एकतीसला आत "टक्" असा आवाज झाला आणि दार सरकलं. बाई सरळ चालत बाहेर आल्या, केसही विस्कटला नव्हता. त्यांनी वही उघडली, तोकुजींची सही घेतली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "चौदा मिनिटं उरलीत. बघतोस काय? पळ!"

चौदा मिनिटांत आळीने निम्मा रस्ता मोकळा केला. उरलेला निम्मा, शिवाय तोकुजींच्या छपरावरून उतरवलेला सगळा बर्फ, संध्याकाळी वादळाने पुन्हा झाकून टाकला. रात्री फुमिएने त्यांच्या कमरेवरचा लालजांभळा पट्टा बघितला, मलम लावलं आणि विचारलं, "दोर एवढा कुणी ओढला?"

"कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मलम जरा जास्तच लावलं.

रविवारी तोकुजी आयुष्यात पहिल्यांदा माफी मागायला निघाले. लाल घेवड्याचं पुरण भरलेल्या मांजूचे डबे, घरामागे एक. आळीत गुडघाभर बर्फ. प्रत्येक दारात वाकायचं, "आमच्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला" म्हणायचं, आणि प्रत्येक दारात तेच ऐकायचं. "छे छे, त्रास कसला! तुम्ही दमला असाल, बसून बसून." तोफूवाल्याने तर आतून उशी आणून दिली. म्हणाला, "पुढच्या वेळी आढ्यावर न्या, थंड लागत असेल." अडतीस वर्षं स्वच्छ ठेवलेलं नाव चौदा दारांत चौदा वेळा वाकलं.

शेवटचं दार नागुमोंचं. आजोबांनी डबा घेतला आणि नेहमीसारखं "या" म्हटलं नाही.

"सांगितलंस?"

"नाही."

"सगळे चिडवतायत म्हणे."

"चिडवतात."

आजोबांनी डबा उघडला, एक मांजू हातात घेतला, आणि तो न खाताच पुन्हा ठेवला.

पुढच्या रविवारी आळीची बैठक होती. नमुना चौदा नगरपालिकेतून परत आला होता आणि शिक्के बाईंचेही असल्यामुळे तो बाईंच्या हातात होता. त्यांनी शाळेत निकाल वाचायच्या तशा तो वाचून दाखवला. "अर्ज नामंजूर. पाहणीच्या वेळी छपरावर वितळवण्याजोगा बर्फ आढळला नाही. इतर नागरिक श्रम करीत असता अर्जदार आढ्यावर निवांत बसलेला आढळला. फोटो जोडला आहे." फोटो हातोहात फिरला. खरंच तोकुजी त्यात आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसले होते. दोर पलीकडे गेलेला, त्यामुळे दिसत नव्हता. हसून हसून तोफूवाल्याची कंबर पुन्हा धरली.

"आजोबा, आता मागच्या वर्षीची सांगा!" कुणीतरी ओरडलं. "काखेपर्यंतची!"

तोकुजींनी चहाच्या पेल्यात बघितलं. आता गळ्यापर्यंत जायचं होतं, त्याची त्यांना सवय झाली होती.

नागुमो आजोबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, जरा सावकाश.

"मागच्या वर्षीची शिळी झाली," ते म्हणाले. "यंदाची ऐका. मी घसरलो."

कुणी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

"मागच्या पाख्यावरून. अर्धा छपराबाहेर लोंबत होतो, खाली विहिरीचा दगड. त्या फोटोत हा बसलाय ना, त्याच्या कमरेच्या दोराला पलीकडे मी होतो. हा 'आई गं'सुद्धा म्हणाला नाही. मागच्या वर्षीही म्हणाला नव्हता, ते मी घातलं होतं. आणि याला मीच सांगितलं, की कुणाला सांगू नकोस. तर हा चौदा घरांत वाकून आला, पण बोलला नाही." त्यांचा आवाज जरा चिरकला. "बस. एवढंच."

ते बसले. फुमिए हाताच्या पाठीने डोळे पुसत होती. तोफूवाल्याने चिडवायला म्हणून पुन्हा आणलेली उशी उचलून मागे लपवली.

कुवाबारा बाईंनी चष्मा लावला. पिशवीतून लाल पेन्सिल काढली, शाळेत असायची तीच, टोक केलेली. नगरपालिकेचा तो शिक्का मारलेला कागद त्यांनी मेजावर सपाट केला, पट्टी धरली, आणि 'निवांत' या शब्दावर सरळ लाल रेघ ओढली.

सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही. तो नियम तोकुजींचाच होता. त्यांनी बाईंच्या हाताकडे बघितलं, त्या रेघेकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक खाडाखोड चालू दिली.